खोलीत कोणी नाही

१४ जून

प्रिय भिंगऱ्या,

पत्रास कारण एक खोली. फोनच केला असता, पण फोनवर तू मला दुसरं वाक्य बोलू देत नाहीस, आणि ही गोष्ट एका वाक्यात मावणारी नाही. कागदापुढे तुला गप्प बसावंच लागतं. गावच्या शाळेत गुरुजींना जे कधी जमलं नाही ते टपालखातं करतं.

आमच्या कॉलेजातली जुनी रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सुट्टीत मोडली आणि तिथे नवी वर्गखोली केली. दारावर पाटी आहे, 'सहयोग दालन'. माझे तर्कशास्त्राचे सगळे तास आता तिथेच. पहिल्या दिवशी मी नेहमीसारखा आत गेलो, मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि समोर पाहिलं, तर खोलीला समोर नावाची बाजूच नव्हती. चारही भिंती पांढऱ्या, चारहींवर लिहिता येतं. खिडक्यांवरही लिहिता यावं म्हणून त्या पांढऱ्या फळ्यांनी झाकून टाकल्या आहेत. टेबलं पाकळ्यांच्या आकाराची, टेबलांना चाकं, खुर्च्यांना चाकं. मुलं घोळक्याघोळक्यानं बसलेली. कोणाची पाठ माझ्याकडे, कोणाचा कान, कोणाची वेणी. ज्यांचं तोंड माझ्याकडे होतं ती चुकून तशी बसली असावीत. कोणाकडेही पाहून बोलायला लागलो की दुसऱ्या कोणाकडे तरी पाठ होते. म्हणून मी सावकाश स्वतःभोवती फिरत बोललो. तास संपला तेव्हा मला गरगरत होतं आणि भिंतीला धरून बाहेर आलो. हातावर कोणीतरी लिहिलेलं उमटलं होतं.

मागच्या बाकावरची मुलं तर बेघर झाली आहेत. मागे बसून सुखानं डुलक्या काढणारी दोन-तीन पोरं दरवर्षी असतातच. ती दारात येऊन उभी राहतात. त्यातला एक, अगदी झोपाळू डोळ्यांचा, मला म्हणाला, "सर, मागे कुठे आहे?" मी तर्कशास्त्राचा माणूस, त्याच्याबरोबर चारही भिंती पाहून आलो. शिपाई विचारत होता, घड्याळ कुठल्या भिंतीला लावू? कुठेही लावलं तरी निम्म्यांच्या पाठीमागेच येणार. शेवटी ते त्यानं स्वतःच्या खोलीत लावलं.

आणि जमिनीला उतार आहे. प्रयोगशाळेत सांडलेलं पाणी एका खांबाआडच्या कोपऱ्यातल्या मोरीकडे जावं म्हणून तो होता. मोरी बुजवली, फरशी बदलली, उतार तसाच राहिला. त्यामुळे तास सुरू होताना मुलं खोलीभर असतात आणि संपताना सगळा वर्ग खांबाआडच्या त्या कोपऱ्यात. काल मी एका मुलाला "म्हणून" म्हणेपर्यंत तो निघून गेला होता.

तू कचेऱ्यांना टेबलं-खुर्च्या पुरवणाऱ्या कंपनीत आहेस, म्हणून विचारतो. अशा खोलीत माणसानं उभं कुठे राहायचं? आणि हे डोकं कोणाचं असेल? तुमच्या धंद्यात कुठे भेटला तर त्याला सांग, एकदा येऊन इथे शिकवून दाखव म्हणावं.

मामीला नमस्कार. तिचे गुडघे कसे आहेत ते कळव.

तुझा,
दादा

२२ जून

दादा,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती पोट धरून हसली. मी नाही हसलो. म्हणजे हसलो, पण तुझ्या गरगरण्याला.

दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवण्याआधी जरा थांबावं माणसानं. पाकळीच्या आकाराचं टेबल काय झाडाला लागतं? सहा पाकळ्या जोडल्या की मध्ये फट राहू नये यासाठी त्या माणसाच्या किती रविवारांचा चुराडा झाला असेल! असं मला आपलं वाटतं. मी काही ओळखत नाही त्याला. उताराचंही त्याला कोणी सांगितलं नसणार. नकाशात उतार दिसतो का कुठे?

आता तुझा प्रश्न. उभं कुठे राहायचं? अरे, उभं राहायचंच नाही, हीच तर त्या खोलीची गंमत आहे! फिर. मुलांमध्ये मिसळ. तू गेली कित्येक वर्षं एका जागी उभा राहून शिकवतोयस, देवळातला खांब परवडला. आणि खुर्च्यांना ब्रेक असतो. डावीकडच्या मागच्या चाकाला लाल खटका आहे, तो पायानं दाबायला सांग पोरांना.

आपली शाळा आठव. तुला कायम पुढची रांग. मला मागे, भिंतीला टेकून. फळा म्हणजे काय असतं ते मला गुरुजी सुट्टीवर गेले तेव्हाच नीट दिसलं. तेव्हा मागची बाजू नसलेली खोली कोणीतरी केली असेल तर मी म्हणतो, त्याला हार घाला.

आईचे गुडघे बरे आहेत. ती म्हणते, दादाला म्हणावं गरगरलं तर गूळ खा.

वहिनींना नमस्कार.

भिंगऱ्या

१५ जुलै

प्रिय भिंगऱ्या,

लाल खटका सापडला. मुलांना दाखवला. तेव्हापासून ती तो मुद्दाम सोडून ठेवतात, कारण घसरत जायला त्यांना आवडतं. असो. आता उताराचं दुःख मागे पडलं आहे, कारण दुसरं मोठं उभं राहिलं आहे.

गुरुजींची पद्धत तुला आठवत असेल. प्रश्न विचारला की कोणी लगेच हात वर करायचा नाही. सगळ्यांनी डोळे मिटून, हालचाल न करता बसायचं. गुरुजी टेबलावर टिचकी मारतील तेव्हाच उत्तर. गुरुजी म्हणायचे, पाणी ढवळायचं थांबलं की तळ दिसतो. मी आजवर तसंच शिकवत आलो. माझ्या तासाचा बराच भाग शांततेत जातो आणि मुलं जे शिकतात ते त्यातच शिकतात, माझ्या बोलण्यात फारसं नाही.

नव्या खोलीत मी प्रश्न विचारला. मुलांनी डोळे मिटले, मीही मिटले. उघडले तरी अंधारच. मला वाटलं वीज गेली. पण कोणीतरी शिंकलं आणि दिवे लागले. पुन्हा सगळे स्थिर झाले, पुन्हा अंधार. आठवडाभर आम्ही असे अंधारात विचार करत होतो आणि शिंकेच्या उजेडात एकमेकांना पाहत होतो.

मग प्राचार्यबाईंनी बोलावलं. त्या म्हणाल्या, "सर, तुमच्या तासाला खोली रिकामी असते."

मी म्हटलं, "बाई, वर्ग भरलेला असतो."

"खोली दर शनिवारी अहवाल पाठवते. त्यात तुमच्या तासापुढे 'कोणी नाही' असं आहे. एका ठिकाणी 'एक व्यक्ती, क्षणभर' अशी नोंद आहे."

"ती शिंक असेल."

"असेल. पण एका शिंकेला आपण तास म्हणू शकत नाही."

मी हजेरीपट पुढे केला. त्या म्हणाल्या, "हजेरीपट तुम्ही भरता. अहवाल खोली भरते. खोलीला तुमच्याशी काही देणंघेणं नाही, म्हणून तिचं खरं मानावं लागतं." मुलं येता-जाताना हालचाल होते ना, असं विचारलं, तर ती खोली धरत नाही म्हणे. घंटेपासून घंटेपर्यंतचीच धरते.

मी चार दिवस सतत बोलून पाहिलं, फिरून पाहिलं. दिवे लागलेले राहिले, पण मुलांची उत्तरं कच्ची यायला लागली. मी पुन्हा शांततेवर आलो.

सप्टेंबरात ही नवी खोली आणि तिथलं शिकवणं पाहायला एक समिती येणार आहे. तिच्यासमोरही खोलीनं 'कोणी नाही' म्हटलं तर माझे तास एका तरुण मास्तरांना देणार, जे चालत चालत शिकवतात, आणि मला परीक्षा विभागात पाठवणार. तिथे उत्तरपत्रिकांवर नंबराच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या असतात. काम वाईट नाही. पण भिंगऱ्या, मला शिकवण्यावाचून दुसरं काही येत नाही. सकाळी देवापुढे बसणं आणि वर्गात मुलांपुढे गप्प उभं राहणं यात मी कधी फरक केला नाही. त्यातलं एक काढून घेतलं तर दुसरं कितपत टिकेल, याची मला भीती वाटते.

काही सुचत असेल तर लिही.

दादा

२३ जुलै

दादा,

एवढंच ना? मला वाटलं नोकरीच गेली.

दारातून आत शिरल्यावर उजव्या हाताला वर बघ. छताला एक पांढरी वाटी उपडी चिकटवलेली दिसेल. तो खोलीचा डोळा. तिला माणूस दिसत नाही, हालचाल दिसते. एका पोराला तिच्याखाली बसव आणि हात हलवत राहा म्हणावं. बाकीचे खुशाल डोळे मिटोत. दिवे चालू, अहवाल चांगला, समिती खूश, तू तुझ्या जागी. झालं.

आणि समितीपुढे खोलीला नावं ठेवू नकोस हां. उगाच तुझ्याच अंगाशी येईल. म्हणतील, मास्तरला नवीन काही झेपत नाही. मी तुझ्या भल्याचं सांगतोय.

घाईत आहे.

भिंगऱ्या

२० ऑगस्ट

प्रिय भिंगऱ्या,

तुझा उपाय चालला. इतका चालला की आता तो थांबवता येत नाही.

पहिल्या दिवशी मी त्या झोपाळू मुलाला वाटीखाली बसवलं. त्याला जागा मिळाल्याचा फार आनंद झाला. तो हात हलवत हलवत झोपला, हात थांबला आणि अंधार झाला. मग आम्ही रोज एकाकडे काम द्यायचं ठरवलं. मुलं त्याला 'आजचा हात' म्हणतात.

शनिवारच्या अहवालात आमचा वर्ग एकदम वर गेला. प्राचार्यबाईंनी मला बोलावून चहा दिला. त्यांनी येऊन पाहिलं आणि त्यांना फार आवडलं. दुसऱ्या कॉलेजातले अध्यापक पाहायला आले. मागे खुर्च्या मांडाव्यात तर मागे नाही, म्हणून ते मुलांमध्येच मिसळून बसले. एकानं नोंदवहीत लिहिता लिहिता विचारलं, "सर, हात डावा की उजवा?" मी म्हटलं, ज्याचा त्याचा. त्यानं ते खाली दोन रेघा मारून लिहिलं. दुसऱ्या एका बाईंनी हा हात नेमका कशाचं प्रतीक आहे असं विचारलं. मी छताकडे बोट दाखवलं. त्यांचे डोळे भरून आले.

इतिहासाचे सर माझ्यापेक्षा हुशार निघाले. त्यांनी टेबलफॅनच्या जाळीला पांढरा हातमोजा बांधला, पंखा मान हलवत ठेवला आणि ते मुलांना घेऊन मैदानात गेले. त्या तासाला खोली तुडुंब भरलेली होती असं अहवाल म्हणतो. त्यांनी मलाही पंखा देऊ केला. मला घेववेना. मुलांच्या डोळ्यांदेखत पंख्याला हजर म्हणायचं आणि मग त्यांना सत्य-असत्य शिकवायचं, हे एका तोंडानं कसं होणार?

पण हातही बरा नाही, हे परवा कळलं. वर्गात एक मुलगी आहे, जाड चष्म्याची. तिची उत्तरं ऐकायला मी वाट पाहत असतो. परवा मी प्रश्न विचारून टिचकी मारली आणि तिच्याकडे पाहिलं. ती शांतपणे म्हणाली, "सर, आज हात मी आहे. त्यामुळे मला कळणार नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. सगळ्यांना विचार करता यावा म्हणून रोज एकाला बिनविचाराचा करायचा, असा मी वर्ग चालवतो आहे.

घरीही त्याची लागण झाली. सकाळी देवापुढे डोळे मिटून बसलो होतो. बायकोनं खांद्याला हात लावला. "अहो, देवाला कसला टाटा करताय?" पाहतो तर माझा उजवा हात आपोआप हलत होता. देवालाही मी रिकामा दिसेन, असं वाटलं की काय मला कोण जाणे.

समिती बारा सप्टेंबरला येणार आहे. त्या दिवशी हात चालू ठेवावा की नाही, ठरत नाही.

आणि एक. वाटी दारातून शिरल्यावर उजव्या हाताला आहे, हे तुला कसं कळलं? मी लिहिलं नव्हतं. लाल खटकाही तू म्हणालास त्याच चाकाला निघाला.

दादा

५ सप्टेंबर

दादा,

तू विचारलंस आणि मी इतके दिवस गप्प राहिलो. आई म्हणाली, "याला ताप आलाय का बघा, हा बोलत नाहीये."

खोली मी केली आहे. पाकळ्या माझ्या, चाकं माझी, वाटी माझी. तुमच्या कॉलेजचं काम आमच्या कंपनीकडे आलं तेव्हा मी मागून घेतलं. तुला मुद्दाम सांगितलं नाही. म्हटलं, दादा आत जाईल, थक्क होईल, पत्र लिहील की कोण हा हुशार माणूस, आणि मग मी सांगेन. तुझं पत्र आलं ते तू वाचलंयसच, तूच लिहिलंस.

तुला गुरुजींची शांतता आठवते. मलाही आठवते. तू पुढे डोळे मिटून मूर्तीसारखा बसायचास आणि माझा पाय हलायचा. मी हलवत नव्हतो रे, तो हलायचा. गुरुजी डोळे न उघडता म्हणायचे, "भिंगऱ्या, मागे." मागे म्हणजे भिंत. मला तुझा इतका राग यायचा की काय सांगू. मोठा झालो, खोल्या करायला लागलो, तेव्हा पहिल्यांदा ठरवलं ते हे, की मागे नावाची जागा ठेवायची नाही. आणि वाटीचं काम आलं तेव्हा वाटलं, वा! आता जो हलेल तोच आहे. न हलणारीही माणसं असतात, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तू तिथे शिकवतोस हे माहीत असून आलं नाही.

वाटीला जरा समज द्यायला माणूस पाठवतो म्हटलं, तर आमचे वरचे साहेब म्हणतात, आधी ती चुकते असं लिहून द्यावं लागेल. आणि ती चुकत नाही, असं आम्ही तुमच्या कॉलेजला लिहून दिलेलं आहे.

समितीला खोली पसंत पडली तर अशा आणखी खोल्या होतील. नाही पडली तर मलाही गोदामात बसवतील, कपाटांच्या किल्ल्या मोजायला. म्हणून पाया पडतो, त्या दिवशी हात चालू ठेव. हात नको तर पंखा लाव. तुझ्यासाठी सांगतोय, आणि या वेळी खरं सांगतो, माझ्यासाठीही.

रागावला असशील तर तसं लिही. पण लिही.

भिंगऱ्या

२८ सप्टेंबर

प्रिय भिंगऱ्या,

रागावलो होतो. दोन-चार दिवस कोऱ्या कागदापुढे बसलो आणि उठलो. मग समिती येऊन गेली, आणि आता राग शोधतो तर सापडत नाही. सगळं क्रमानं सांगतो.

समितीत तिघं होते. अध्यक्ष म्हणजे उंचच उंच, भारदस्त गृहस्थ. एक बाई लिहून घेणाऱ्या. तिसरे फोटो काढणारे, पण वर्गाचं ध्यान मोडू नये म्हणून त्यांचा कॅमेरा प्राचार्यबाईंनी आदरानं बाजूला ठेवून घेतला होता, त्यामुळे ते नुसतेच बसले. तिघंही पाकळ्यांपाशी मुलांमध्ये बसले. लाल खटक्याचं त्यांना कोणी सांगितलं नाही. मीही नाही.

'आजचा हात' नेमकी ती चष्म्याची मुलगी होती. ती वाटीखाली जायला उठली. तुझं पत्र माझ्या खिशात होतं. मी तिला म्हटलं, "आज हात नको. तूही बस. तूही विचार कर." प्राचार्यबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मी मुद्दाम नाही पाहिला.

मग प्रश्न विचारला. "एखाद्या खोलीत खरोखर कोणीच नाही. हे त्या खोलीच्या आतून कोणाला कळेल?"

सगळ्यांनी डोळे मिटले. अध्यक्षांनीही इकडेतिकडे पाहून मिटले. मीही एक खुर्ची ओढून त्यांच्यात बसलो. इतक्या वर्षांत मुलांसमोर मी कधी बसलो नव्हतो. दिवे गेले.

अंधारात प्राचार्यबाई कुजबुजल्या, "सर, हात!"

मी म्हटलं, "बाई, विचार चाललाय."

मग नुसता चाकांचा आवाज. सगळा वर्ग, समिती आणि मी, मोरीच्या कोपऱ्याकडे निघालो होतो, इतके हळूहळू की वाटीला ती हालचालच वाटली नसावी. कोणाचे गुडघे कोणाला लागत होते. कोणी "सॉरी" म्हणत होतं, कोणी "बसा बसा" म्हणत होतं. खांबाआड सगळे जमलो आणि पुन्हा शांत झालं. अशी शांतता मला या खोलीत आधी कधी मिळाली नव्हती. देवाचं नाव घ्यावं लागलं नाही, ते तिथे होतंच.

एकाएकी दिवे लागले. पाहतो तर अध्यक्षांचा हात वर. हात लांब असल्यामुळे तो खांबाच्या बाहेर निघाला होता आणि तुझ्या वाटीला दिसला होता. चेहरा पाचवीतल्या मुलासारखा. "मी सांगू?"

मी म्हटलं, "साहेब, अजून टिचकी मारलेली नाही."

ते ओशाळले. हात खाली घेतला. पुन्हा अंधार.

थोड्या वेळानं मी खुर्चीच्या दांड्यावर टिचकी मारली. अध्यक्ष अंधारातच म्हणाले, "कोणालाच कळणार नाही. ज्याला कळेल तो आत असणार. मग खोली रिकामी कुठे राहिली?"

चष्म्याची मुलगी म्हणाली, "पण सर, वाटी म्हणते ना कोणी नाही."

"वाटीला कळत नाही, ती फक्त म्हणते," झोपाळू मुलगा म्हणाला. भिंगऱ्या, तो जागा होता!

"कळणं आणि म्हणणं यात फरक काय?" लिहून घेणाऱ्या बाईंनी विचारलं, आणि मग जो वाद पेटला तो घंटा होईपर्यंत. दिवे लावायला कोणी उठलं नाही. कोणी नुसतं उठून खांबाबाहेर आलं असतं तरी ते लागले असते, पण कोणाला जागचं हलावंसंच वाटलं नाही.

आता निकाल ऐक. समितीनं भरभरून चांगलं लिहिलं. सर्वांना आपोआप एकत्र आणणारी जमिनीची ती रचना कोणाची, असं अध्यक्षांनी खास विचारलं. मी तुझं नाव, तुझ्या कंपनीचं नाव, दोन्ही सांगितलं. उतार तुझा नव्हता म्हणून माझी उलटतपासणी घेऊ नकोस, गोदाम टळलं आहे.

पण शनिवारी खोलीचा अहवाल आला. समितीच्या तासापुढे लिहिलं होतं, 'कोणी नाही. एक व्यक्ती, क्षणभर.'

प्राचार्यबाईंनी मला बोलावलं. दोन्ही कागद त्यांच्यासमोर होते. कपाळावर बाम होता. त्या म्हणाल्या, "खोलीचं खरं धरलं तर समिती आलीच नाही, मग तिचं म्हणणं कसं धरू? समिती आली होती असं धरलं तर खोली खोटी, मग जूनपासून तुम्हाला मी जे ऐकवलं त्याचं काय करू?"

मी म्हटलं, "बाई, शिकवण्यासाठी हे उदाहरण घेऊ का?"

त्या म्हणाल्या, "नका घेऊ."

अध्यक्षांना हजेरीचा दाखला हवा आहे. खोलीनं त्यांना क्षणभराचाच देऊ केला. एवढा मोठा माणूस आणि क्षणभर! ते फार दुखावले. म्हणून ठरलं असं, की वीस नोव्हेंबरला समिती पुन्हा येईल, आणि या वेळी खोलीला ती दिसलीच पाहिजे. दिसली तर मी वर्गातच राहणार, कायमचा. नाही तर परीक्षा विभाग. तोवर शिकवत राहा, असं बाई म्हणाल्या.

म्हणजे वर्गानं अगदी शांत बसायचं आणि तरी वाटीनं त्याला पाहायचं. 'हात' मी पुन्हा कोणा मुलाला करणार नाही. पंखा आणणार नाही. बरेच दिवस काही सुचलं नाही. मग परवा सकाळी देवापुढे बसलो असताना एक आवाज आठवला. ठक ठक, ठक ठक. मागून, बाकाच्या फळीवर. तुझा पाय.

आम्ही सगळे डोळे मिटून बसायचो तेव्हा तो आवाज चालू असायचा. त्यावरून कळायचं की वर्ग अजून आहे, आपण अंधारात एकटे नाही. तो असला की मला भीती वाटायची नाही आणि विचार पुढे जायचा. तू आजारी पडून शाळेत आला नव्हतास, तेव्हा मला एकही उत्तर आलं नव्हतं. आणि हेही आठवलं, की गुरुजींनी तुला मागे धाडलं, पण बाहेर कधीच नाही. त्यांनाही तो आवाज हवा असावा. हे त्यांनी तुला सांगायला हवं होतं. ते गेले, म्हणून मी सांगतो.

तेव्हा वीस तारखेला तू ये. वाटीखाली बस. हात हलवू नकोस. मुद्दाम काहीसुद्धा करू नकोस. तू जसा बसतोस तसा फक्त बस. तुला विचार करण्यात अडचण येणार नाही, तू जन्मभर हलत हलतच विचार केला आहेस.

देवापुढे हात हलवणं सुटलं. बायको म्हणते, "चला, देवाचा निरोप घेऊन झाला वाटतं."

तुझा,
दादा

४ ऑक्टोबर

दादा,

येतो.

तुझं पत्र आईला वाचून दाखवताना मध्येच उठून फिरून आलो. ती म्हणाली, "पन्नाशीला टेकलास, पण हलायला बोलावणारं कोणीतरी भेटलं बाबा एकदाचं." मग डोळे पुसत म्हणाली, हे पाणी गुडघ्यांच्या दुखण्यामुळे आहे. मी बरं म्हटलं.

वाटीखाली बसायला हरकत नाही. ती जरा मोरीच्या कोपऱ्याकडे सरकवून देतो, तेवढं मला लिहून न देता करता येतं. पण माझी एक अट आहे. मला मागे बसायचंय. पुढे बसून मला काही सुचायचं नाही, सवय नाही. दुपारपासून खोलीचा नकाशा जमिनीवर पसरून बसलोय, चारी बाजूंनी फिरवून पाहिला, उलटा धरून पाहिला. मागची बाजू मलाच सापडत नाही.

तुझ्या त्या झोपाळू मुलाला म्हणावं, दोघं मिळून शोधू.

भिंगऱ्या